बोराला चार बोटं नसतात

प्रेम नगर, झाशी
२४ जानेवारी २०२५

नातवाच्या हातून रोज मार खाणाऱ्या, आणि त्या माराची कुठेही दाद न लागणाऱ्या तमाम आजोबांनो!

म्हणजे, जयसिंगराव, तुम्ही. सवय जात नाही. बत्तीस वर्षं रेल्वे वर्कशॉपच्या गेटवर उभा राहून बोललो, आता एका माणसाला पत्र लिहायला बसलो तरी समोर हजार दिसतात. पण तक्रार खोटी नाही. आपण दोघे व्याही, आणि दोघांना मिळून नातू एकच. सिद्धार्थ. वय दोन वर्षं तीन महिने, वजन अकरा किलो. या अकरा किलोने आपल्याला जेवढं बडवलंय तेवढं मला लाठीमारात पोलिसांनी आणि तुम्हाला सीमेवर शत्रूने बडवलं नसेल. मी डोळा लावला की कपाळावर पळी बसते. तुम्ही रविवारी बबीनाहून आलात की तो तुमच्या मिशांना लोंबकळून पोटात लाथा घालतो. आपल्यासाठी ना युनियन, ना कोर्ट मार्शल. आईबाप म्हणतात, "खेळतोय हो, लहान आहे."

म्हणून मला वाटलं होतं, मार खाणारे दोघे एकमेकांना तरी मारणार नाहीत.

रविवारी, एकोणीस तारखेला, बोरन्हाणाच्या दिवशी, माझ्याच घरात तुम्ही माझे समोरचे दोन दात पाडलेत. खालच्या ओठाला तीन टाके. डाव्या बरगडीला तडा, शिंक आली की डोळ्यांपुढे तारे. दात गेल्यापासून तोंडातून नुसता वारा जातो. फोनवर बोललो तर तुम्हाला शिट्टी ऐकू येईल, आणि तसेही तुम्ही फोन उचलत नाही. म्हणून पत्र.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मी नातवावर दगडफेक करवली, आणि तुम्हाला ते सहन झालं नाही. त्यात माझी चूक होती, ती कबूल करतो. शशिकला आधीपासून सांगत होती, "अहो, मापट्याने डोक्यावरून हळूच ओततात. फेकत नाहीत." मी म्हणालो, परंपरा चार बायकांच्या मापट्यात किती दिवस कोंडून ठेवणार? ती लोकांच्या हातात द्या! कॉलनीतली चौदा पोरं अंगणात उभी केली आणि प्रत्येकाच्या ओंजळीत बोरं दिली. त्यांना आपली ही रीत कुठून माहीत असणार? मग मी पाटावर चढलो आणि हिंदीत बोललो. "बच्चों, ये बेर नहीं, आशीर्वाद हैं! कंजूसी मत करना! जी खोल के बरसाओ!"

पोरांनी जी खोलला.

मानिक चौकातून मीच आणलेली बोरं. हिरवी, गोटीसारखी टणक. पहिल्या फैरीत सिद्धूचा हलव्याचा मुकुट उडाला. दुसरीत शेजारच्या नीरजा भाभींचा चष्मा गेला. त्या ओरडत होत्या, "काए आबाजी, मोड़ा खों मार डारहौ का?" म्हणजे, पोराला मारून टाकता का. तिसऱ्या फैरीत एका पोराने उसाचं पेरही भिरकावलं. काळ्या झबल्यातला सिद्धू पाटावर उभा राहून चौदा जणांना एकटा शिव्या देत होता. त्याला शिवी एकच येते, "गंदा!"

मी त्याला उचलून मधल्या खोलीत नेलं. मागून तुम्ही आलात आणि एक शब्द न बोलता माझ्यावर तुटून पडलात. सुजयने तुम्हाला ओढून काढलं. माझ्या मुलाने सासऱ्याचं मनगट धरून सांगितलं, "पप्पा, माफी मागा, नाहीतर पुन्हा या घरात पाय ठेवू नका." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग चपला हातात घेऊन निघालात, आणि मयुराने, तुमच्या पोटच्या मुलीने, तुमच्यामागे दार लावलं.

दोन ओळींची माफी पाठवा. मी मोठ्या मनाने स्वीकारीन.

गजानन


प्रेम नगर, झाशी
५ फेब्रुवारी

जयसिंगराव,

बारा दिवस झाले, तुमच्याकडून अक्षर नाही. बरं. तुम्ही काय गमावताय ते ऐका.

सिद्धू आता भांड्यावर बसायला शिकला. म्हणजे कार्यक्रम आधी फरशीवर उरकतो, मग भांड्यावर बसतो आणि "पेपर" मागतो. मी पेपर देतो. तो उलटा धरून मान हलवतो. अग्रलेख पटला नाही की फाडतो. तसं बघितलं तर या घरात पेपर मन लावून वाचणारे आम्ही दोघेच.

खिचडी खायला सव्वा तास लागतो. पाच घास एका गालात साठवतो आणि माकडासारखा घरभर हिंडतो. परवा तो साठा त्याने माझ्या कपाटात रिकामा केला. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा दुसरा खंड तुपाने चिकटून बसलाय. राजाचं डोकं उडतं ते पान तर उघडतच नाही.

मानिक चौकात त्याला बूट घ्यायला नेलं. दुकानदार पायाचं माप घ्यायला वाकला, आणि सिद्धूने त्याचा कान चावला. रक्त आलं. दुकानदार भला माणूस. कान धरून म्हणाला, "कोई बात नहीं बाबूजी, बच्चा भगवान का रूप है।" मी म्हणालो, "कौन से भगवान का, ये भी देख लीजिए।" बूट घेतले. घरी आल्यावर एक बूट त्याने पाण्याच्या टाकीत टाकला, दुसरा शशिकलाच्या दिशेने. नेम चांगला आहे. ही तुमच्याकडची देणगी.

लस टोचायला गेलो तेव्हा त्याने आधी डॉक्टरला मारलं, मग नर्सला. दोघांचं झाल्यावर वजनकाट्याला लाथ घातली. वजनकाट्याचा काय दोष? पण त्याचं न्यायशास्त्र पक्कं आहे. ज्याने दुखवलं त्याला ठोकायचं, आणि कोणी दुखवलं ते नक्की ठाऊक नसेल तर समोर असेल त्याला. राज्यकर्त्यांचं तरी याहून वेगळं काय असतं?

हे त्याला शिकवलं कोणी? आपणच! पोर पडलं की आपण काय करतो? फरशीला चापट मारतो. "हत्त् रे फरशी! आमच्या बाळाला लागलं!" पोर हसतं. आपल्याला वाटतं, पोर शांत झालं. शांत नाही झालं, तयार झालं! अजून त्याला अ येत नाही आणि सूड येतो. इथल्या मराठी मंडळात या विषयावर मी अकरा भाषणं दिली. 'मुलांवर हात उचलू नका', माझं सर्वात गाजलेलं भाषण. बायका रडायच्या. आणि माझ्या घरात माझीच बायको, सिद्धू माझ्या पायात अडकून पडला की, त्याला कडेवर घेऊन म्हणते, "आबाला हत्त् करू हं." तेव्हापासून मी या घराची फरशी आहे.

सुजयला मी जन्मात एकदाही मारलं नाही. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहितो. कोणालाही विचारा.

सही खाली आहे. तुमची अजून आलेली नाही.

गजानन


प्रेम नगर, झाशी
१४ फेब्रुवारी

जयसिंगराव,

पोस्टकार्ड मिळालं. सव्वीस दिवसांनी तुम्हाला तीन शब्द सुचले.

"गाल उतरला का?"

माझा नव्हे, हे उघड आहे. माझ्या ओठाचं, बरगडीचं, दातांचं काही नाही. काय सुभेदारी ही!

उतरला. तिसऱ्या दिवशी उतरला. अंगभर बोरं लागली होती त्याला. दंडावर, पाठीवर, कपाळावर. मग तुम्ही गालाचंच का विचारता? आणि असलं कोणी उघड्या कार्डावर लिहितं? पोस्टमनने दारात दिलं तेव्हा मी अंगणात होतो म्हणून बरं. मयुराच्या हाती पडलं असतं तर? यापुढे लिहायचंच असेल तर पाकिटातून लिहा.

असो.

रविवारचं सांगतो. दहाच्या सुमाराला तो फाटकाशी जाऊन उभा राहतो. तुम्ही शिकवलेला सलाम ठोकतो, डाव्या हाताने. दूधवाल्याला ठोकतो, भंगारवाल्याला ठोकतो. एक गाय रोज येते, तिलाही. मग म्हणतो, "नाना बस?" म्हणजे बबीनाची बस आली का. मयुरा म्हणते, "नाना बिझी आहेत, राजा." त्याला बिझी कळत नाही. फाटक कळतं. फाटकाने नाना आत येऊ दिले नाहीत असा निकाल देऊन तो त्याला लाथा घालतो. गेल्या रविवारी अंगठ्याचं नख उलटलं. रक्त आलं. मी पुढे झालो, पण तो शशिकलाकडे गेला.

मयुरा दिवसभर बोलली नाही. तुमची मुलगी तुमच्यासारखीच. तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत. वहिनी गेल्यापासून तुमच्या आठवड्यात रविवार एवढा एकच वार उरला होता, हे मला कळत नाही असं समजू नका. कळतं. पण घराला शिस्त असते, आणि अट सुजयने घातली आहे, मी नाही.

तुम्ही अजून कोणाला काही बोलला नाहीत ना?

गजानन


प्रेम नगर, झाशी
१ मार्च

जयसिंगराव,

आज पाकिटात पाकीट घालून लिहितोय. हे पत्र एकट्याने वाचा.

नवे दात बसले. मंडळाने लगेच निरोप पाठवला, महिला दिनाला तेच भाषण पाहिजे, मुलांवर हात उचलू नका. बाराव्यांदा. काल संध्याकाळी मी बैठकीत उभा राहून सराव करत होतो. सिद्धू खाली ठोकळे रचत होता. सुरुवात मला झोपेतही येते. "मित्रहो, जो हात अकरा किलोच्या जिवावर उठतो तो हात..." आणि इथे मी उजवा हात वर नेतो. तीस वर्षं नेतोय. बोटं पसरलेली, तळवा उघडा, समोरच्या सभेवर रोखलेला.

सिद्धू खाली बसला. बसला म्हणजे मिटला. ठोकळे टाकून त्याने दोन्ही हातांनी गाल झाकले आणि डोळे घट्ट बंद करून म्हणाला, "आबा नहीं."

ओरडला नाही. हळूच म्हणाला. माझा हात वर होता आणि तो खाली कसा आणायचा ते मला कळेना. कारण खाली आणला तरी त्याला मारच वाटणार होता. तसाच वर धरून मी मागे मागे सरकत दारातून बाहेर गेलो. शशिकला दारात होती. म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "खेळतोय."

आता जे तुम्ही पाहिलंत तेच तुम्हाला लिहितो. तुम्हाला सांगण्यासाठी नाही. माझ्या अक्षरात ते एकदा तरी असावं म्हणून.

बोरांचा गोंधळ झाला. पोरं हसत होती, नीरजा भाभी शेजारणींना माझ्या भाषणाची नक्कल करून दाखवत होत्या, आणि माझा सगळा समारंभ मातीत गेला होता. सिद्धूला घेऊन मी मधल्या खोलीत आलो. तो पिसाळला होता. आणि त्याचा निवाडा अगदी बरोबर होता. चौदा पोरांना सोडून त्याने मला धरलं. पाटावर चढून "बरसाओ" कोण म्हणालं ते त्याने पाहिलं होतं. त्याने माझा चष्मा ओढला, नाक ओरबाडलं, मनगटाचा चावा घेतला, आणि ओरडला, "आबा गंदा! आबा गंदा!" बाहेर ऐकू जात होतं. जयसिंगराव, मला चाव्याचा राग आला नाही. बाहेर ऐकू जात होतं, त्याचा आला.

मी मारलं. चापटी नव्हे. पूर्ण हाताने, खांद्यापासून. डस्टर फळ्यावर आपटावा तसा आवाज झाला. गळ्यातली हलव्याची माळ तुटली आणि तो पलंगाच्या कडेवर जाऊन पडला. गालावर माझी चार बोटं उमटली, आधी पांढरी, मग लाल. तो रडला नाही. श्वास अडकला होता त्याचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखा हात उचलला, मला हत्त् करायला. आणि मग माझ्याकडे बघता बघता तो हात खाली घेतला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा, कोणीतरी दुखवलं आणि त्याने उलटून मारलं नाही.

दारात तुम्ही होतात.

मी पहिल्या पत्रात लिहिलं, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. खोटं. प्रत्येक ठोशाला तुम्ही बोलत होतात. "माझ्यावर टाक हात. माझ्यावर टाक." मी टाकला नाही. मी ओरडलो, सगळे धावत आले, आणि कोणीतरी म्हणालं, बिचाऱ्याच्या गालाला बोर लागलं. मी मान हलवली. बस, तेवढंच. इतकी वर्षं बोलून बोलून आवाज बसवला, आणि सर्वात मोठं खोटं नुसती मान हलवून बोललो.

तुम्ही तेव्हाच सांगू शकला असता. सांगितलं असतं तर तुमच्या मुलीचं घर त्याच दिवशी फुटलं असतं. तुम्ही चपला उचलल्यात.

आणि आणखी एक खोटं. मी लिहिलं, रोज मार खातो. पळीची गोष्ट डिसेंबरातली आहे. एकोणीस जानेवारीपासून त्याने मला बोटही लावलेलं नाही. फाटकाला मारतो, भांड्याला मारतो, आजीची वेणी ओढतो, आईच्या पोटरीला चावतो. मी जवळ गेलो की शहाण्यासारखा बसतो. लोक म्हणतात, आबांजवळ किती गुणी असतो!

सुजयला मी मारलं नाही, हे खरं आहे. मी घरी असायचोच कुठे?

उद्या रविवार. जेवायला सगळे असतील.

गजानन


प्रेम नगर, झाशी
३ मार्च

जयसिंगराव,

सांगितलं.

वरण-भात वाढून झाला होता. सिद्धू झोपला होता. मी उभा राहिलो, कारण बसून मला बोलता येत नाही. सुजय हसून म्हणाला, "बाबा, जेवताना तरी भाषण नको." मी म्हणालो, चार वाक्यं आहेत. चारच बोललो. मारलं मी. बोर नव्हतं. जयसिंगरावांनी पाहिलं म्हणून मला मारलं. आणि मी तुम्हाला खोटं वाटू दिलं.

सुजय आधी हसतच होता. मग त्याचं मराठी संपलं. रागावला की या पोराचं मराठी संपतं, लहानपणापासून. "आपने? आपने हाथ उठाया? इतने से बच्चे पे?" त्याने ताट भिरकावलं. भिंतीवर वरणाचा ओघळ. तो माझ्या छातीशी येऊन उभा राहिला, मूठ वळलेली. मला वाटलं मारतो. मी हात मागे बांधले. म्हटलं, मार. तो म्हणाला, "डेढ़ महीने से मैं उस आदमी को फोन पे गाली दे रहा हूँ। फौजी गुंडा कह रहा हूँ।" आणि मूठ त्याने भिंतीवर आपटली. बोटाचं हाड सरकलंय. प्लास्टर नाही, पट्टी आहे.

मयुरा उठून आत गेली. मी दारातून पाहिलं. सहा आठवडे झाले, गालावर काय राहणार? तरी झोपलेल्या पोराचा गाल ती उजेडाकडे वळवून बघत होती. बाहेर आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही. शशिकलाला म्हणाली, "मम्मी, पप्पांच्या मागे कडी मी लावली. माझ्या हाताने लावली."

शशिकला जेवत होती. खरंच जेवत होती. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोराला चार बोटं नसतात."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? बोलणारे तुम्ही. मी म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. आंघोळीला जाताना पण लेक्चर देता, हे एवढं द्यायला सहा आठवडे?"

शेवटी मयुराने निकाल दिला. आवाज चढवला नाही. "आबा, तुम्ही कुठेही जायचं नाही. घर तुमचं आहे. पण सिद्धूबरोबर एकटं थांबायचं नाही. खोलीत तिसरं माणूस पाहिजे. दार बंद नाही. मी सांगेपर्यंत."

व्यवस्थापनासमोर बसून मी एकही करार स्वल्पविरामावरून भांडल्याशिवाय सोडला नाही. हा करार वाचूनही पाहिला नाही. मान्य केला.

महिला दिनाचं भाषण रद्द करायला मंडळात गेलो. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का?" मी कारण सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

तुमच्यावरची अट उठली आहे. सुजय तुम्हाला फोन करेल. न केल्यास तो भ्याड आहे, आणि ते कोणाकडून आलं हे सांगायला नको.

गजानन


प्रेम नगर, झाशी
११ मार्च

जयसिंगराव,

सुजयने फोन केला, तुम्ही उचलला, "ठीक आहे" म्हणालात आणि ठेवलात. रविवार आला आणि गेला. सिद्धू फाटकाशी उभा होता. नेहमीप्रमाणे गायीने सलाम घेतला.

तुम्ही का आला नाहीत ते मला समजतं. ज्या दारातून चपला हातात घेऊन निघालात, त्या दारात "ठीक आहे" एवढ्या शब्दावर कोण परत येईल? मयुराला तुम्हाला बोलवायचं आहे. रोज रात्री फोनवर काहीतरी टाइप करते आणि पुसते. मी पाठीमागून पाहिलं, लाज सोडून पाहिलं. "पप्पा" एवढंच लिहिते. पुढचं तिला सापडत नाही. ती तुमची मुलगी आहे, तिला शब्द सापडणार नाहीत. माझ्याकडे शब्द पडून आहेत आणि त्यांना बाजारात आता भाव नाही. ते तुमच्यावर खर्च करतो.

ऐका. शशिकलाच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नागपूरला. शशिकला शनिवारी निघते, पंधरा दिवसांनी येईल. मयुराची शाळा परीक्षांची, तिला एक दिवसाची रजा मिळत नाही. सुजयची कारखान्यात पहिली पाळी, सहाला घर सोडतो. सोमवारपासून सकाळी पावणेआठ ते दुपारी अडीच या घरात दोन माणसं असतील, मी आणि सिद्धू. आणि करार असा आहे की आम्ही दोघे एकटे असू शकत नाही.

काल यावरून घरात पेटलं. सुजय म्हणाला, "नोकरी सोडतो." मयुरा म्हणाली, "शाळा सोडते." नीरजा भाभी कुंपणावरून म्हणाल्या, "हमाए इतै छोड़ दो, हम देख लैहैं।" पण सिद्धू त्यांच्याकडे अर्धा तास राहिला आणि त्यांचा टीव्ही पालथा झाला. शेवटी मयुरा माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आबा, आता सांभाळाल ना तुम्ही? दिवसभर?" मला विचारत होती, जयसिंगराव! तिचा नाइलाज झाला होता. मी करार मोडायला हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

मी नाही म्हणालो.

मला मी ठाऊक आहे. मी आता कधीच मारणार नाही, हे वाक्य मी दहा हजार लोकांपुढे छाती ठोकून बोलू शकतो, आणि त्यांना पटेल. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अकरा वेळा मी ते बोललो होतो आणि बाराव्या वेळेच्या आधी मधल्या खोलीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत. सात तास. तो दूध सांडेल, पुस्तकं फाडेल, भांडं सोडून फरशीवर बसेल. शेजारी ऐकत असतील. माझा हात माझ्या ताब्यात असेल का, हे मला सांगता येत नाही. जगात एकच माणूस आहे ज्याने हा हात पडताना पाहिला आणि त्याला थांबवलं.

तो बबीनात खाटेवर बसून भिंतीकडे बघतोय.

मला तुमची माफी नको. मीही माफी मागून तुम्हाला अडकवणार नाही. तुम्ही मला पुन्हा व्याही म्हणू नका, माझ्या हातचा चहा घेऊ नका, सात तासांत माझ्याशी एक शब्द बोलू नका. तुम्ही पहाऱ्यासाठी या. मधल्या खोलीत दाराशी खुर्ची ठेवतो. एका बाजूला तो, एका बाजूला मी, मध्ये तुम्ही. माझा हात खांद्याच्या वर गेला तर पुढे काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको. नवे दात पक्के बसवलेत, पण त्यांची पर्वा करू नका.

सोमवार, सतरा मार्च. बबीनाहून सकाळची पहिली बस पकडा, आणि साडेसातच्या आत, मयुरा घरात असताना, आमच्या दाराची बेल वाजवा.

गजानन